पोकलेनचा जॅक गळतोय? किट मागवण्याआधी थोडं थांबा

बकेटच्या जॅकमधून (तेलाच्या दाबाने चालणाऱ्या सिलिंडरमधून) तेल टपकायला लागलं की साइटवर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "किट टाकून घ्या." नव्या सीलांचं, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यांचं, किट येतं, जॅक खोलला जातो, सील बदलतात, मशीन कामाला लागतं. काही महिन्यांत तोच जॅक पुन्हा गळतो आणि दोष किटवर जातो. बऱ्याचदा किट चांगलं असतं. आधीचं सील कशाने गेलं हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि ज्याने पहिलं सील खाल्लं त्यानेच दुसरंही खाल्लेलं असतं.

इथे २० टनी वर्गातलं साखळीवरचं खोदयंत्र समोर धरलं आहे. आपल्याकडे ते कोणत्याही कंपनीचं असलं तरी 'पोकलेन'च. मुळात हे एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण 'डालडा'सारखं ते वस्तूलाच चिकटलं. बॅकहो लोडरचे, म्हणजे रोजच्या भाषेतल्या जेसीबीचे, जॅकही याच तत्त्वावर चालतात. तिथे दाब कमी आणि मापं लहान.

आत काय चाललेलं असतं

इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, कंट्रोल व्हॉल्व्ह ते तेल हव्या त्या जॅककडे किंवा मोटरकडे वळवतो. पंप फक्त प्रवाह देतो. दाब तयार होतो तो समोर अडथळा आल्यावर. बकेट हवेत फिरत असताना गेजवर थोडासाच दाब दिसतो, दात कातळात रुतले की तो चढत जातो आणि मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाबाचं तेल टाकीत सोडणारा) उघडतो तिथे थांबतो. २० टनी मशीनमध्ये ही मर्यादा साधारण ३४० ते ३५० बार असते. म्हणून "पंप प्रेशर देत नाही" ही तक्रार अर्धवट आहे. तेल वाटेत कुठे पळतंय का, हा खरा प्रश्न.

३५० बार म्हणजे किती, ते जॅकवर मोजून पाहा. आतला व्यास १२० मिमी धरला तर पिस्टनचं (जॅकच्या आत सरकणाऱ्या गोल भागाचं) क्षेत्रफळ ११३ चौरस सेंमी येतं. एक बार म्हणजे जवळपास एक किलो प्रति चौरस सेंमी. म्हणजे एक जॅक ४० टनांचा रेटा देतो, आणि हा सगळा दाब अडवून धरतं काही मिमी जाडीचं पॉलियुरेथेनचं कडं.

याच जॅकचा रॉड (पिस्टनला जोडलेला, बाहेर येणारा दांडा) ८५ मिमीचा असेल तर रॉडच्या बाजूला तेलासाठी उरलेलं क्षेत्रफळ फक्त ५६ चौरस सेंमी, म्हणजे निम्मं. रॉडच्या बाजूची वाट बंद करून पिस्टनच्या बाजूला ३५० बार दिले, तर रॉडच्या बाजूला ७०० बारपर्यंत दाब चढू शकतो. ज्यांनी चाचणीसाठी पाइप काढून भलत्याच जागी बूच मारलं, त्यांचे ग्लँड (रॉड जिथून बाहेर येतो ते जॅकचं झाकण) आणि पाइप अशाच हिशोबाने फुटतात.

गळती जॅकची आहे की व्हॉल्व्हची

बाहेरची गळती डोळ्याला दिसते. आतली गळती दिसत नाही. मशीन ढिलं पडतं, किंवा उचललेला बूम (मशीनचा मुख्य हात) आपोआप खाली बसतो. इथेच सर्वात जास्त पैसे वाया जातात, कारण बूम बसतोय म्हटलं की पहिला हात जॅककडेच जातो.

थोडा विचार करू. बूमच्या जॅकमध्ये वजन रॉडला आत ढकलत असतं. समजा पिस्टनचं सील पूर्ण गेलंय, पण जॅकच्या दोन्ही बाजूंच्या वाटा व्हॉल्व्हमध्ये घट्ट बंद आहेत. रॉड आत यायचा तर त्याच्या जाडीएवढ्या तेलाला बाहेर जायला जागा हवी. ती नाही आणि तेल दबत नाही. दोन्हीकडचा दाब सारखा होतो, वाढतो, आणि रॉड थांबतो. म्हणजे नुसत्या पिस्टन सीलच्या गळतीने बूम खाली येत राहू शकत नाही. तेल व्हॉल्व्हमधून टाकीकडे निसटलंच पाहिजे. सील गेल्यावर दाब वाढतो आणि व्हॉल्व्हमधली किरकोळ गळतीही मोठी होते, हे खरं. पण बूम बसतोय एवढ्यावरून जॅक खोलायचा निर्णय होत नाही. होल्डिंग व्हॉल्व्हच्या (बूम वर धरून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवर कचरा, स्पूलची (कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याची) झीज, पोर्ट रिलीफमध्ये (त्या एका जॅकच्या वाटेवरच्या रिलीफमध्ये) अडकलेला धातूचा कण, यांपैकी काहीही असू शकतं. जिथे वजन रॉडला बाहेर ओढतं तिथे गोष्ट वेगळी. तिथे सील गेलं की रॉडच्या बाजूचं तेल पिस्टनपलीकडे जातं, कमी पडणारं तेल मेकअप व्हॉल्व्हमधून (टाकीकडचं तेल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हमधून) येतं आणि जॅक सरकत राहतो.

खात्री करायची रीत सोपी आहे. बकेटचा जॅक घ्या. तेल ५० अंशांच्या आसपास गरम असू द्या. थंड, जाड तेलात गळती लपते. बकेट पूर्ण आत वळवा, म्हणजे जॅकचा रॉड पूर्ण बाहेर येतो. बूम आणि बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि दाब सोडा (कसा, ते पुढे येतंच). आता रॉडच्या बाजूचा पाइप जॅककडून काढा. पाइपाच्या तोंडाला पूर्ण दाब सोसणारं स्टीलचं बूच मारा. लाकडाची खुंटी किंवा चिंधी चालणार नाही. जॅकचं तोंड उघडंच ठेवून खाली मापाचं भांडं लावा. सगळ्यांना बाजूला करा, इंजिन चालू करून लिव्हर बकेट आत वळवण्याच्या दिशेलाच दाबून धरा. अर्धा मिनिट जाऊ द्या आणि पुढच्या एका मिनिटात किती तेल पडलं ते मोजा. काही सीसी पडले तर सील ठीक आहे. धार लागली तर सील गेलंय, किंवा जॅकचा आतला पाइप, म्हणजे सिलिंडर, चरलाय. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत सीसी प्रति मिनिट अशी दिलेली असते. चाचणी चालू असताना लिव्हर चुकूनही उलट दिशेला जाता कामा नये. बूमला दोन जॅक असतात, म्हणून तिथे प्रत्येकाची वेगळी तपासणी करावी लागते, आणि बूमला भक्कम टेकू हवा.

ही चाचणी करायच्या आधी दोन प्रश्नांनी निम्मं काम होतं. पहिला: सगळंच मंद आहे की एकच हालचाल? सगळंच मंद असेल तर जॅकला हातही लावू नका. टाकीतली पातळी, फिल्टर, मग पायलट दाब (लिव्हरकडून स्पूल हलवणारा कमी दाब, बहुतेक मशीनमध्ये ३५ ते ४० बार), मुख्य रिलीफ आणि शेवटी पंप, या क्रमाने जा. एकच हालचाल ढिली असेल तर तो जॅक, त्याचा स्पूल किंवा त्याचा पोर्ट रिलीफ. चालताना मशीन एका बाजूला ओढत असेल तर साखळी फिरवणारी ट्रॅव्हल मोटर किंवा मधला स्विव्हल जॉइंट (वरच्या फिरत्या भागातून खाली तेल नेणारा सांधा). दुसरा प्रश्न: सकाळी ठीक आणि दुपारी ढिलं होतं का? होत असेल तर तेल गरम होऊन पातळ झाल्यावर झिजलेल्या फटींतून पळतंय. हे बहुधा पंपाचं लक्षण असतं.

आणखी एक. मशीन ढिलं पडलं की रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळायची खोड फार जुनी आहे. पाव फेरा आवळला तरी दाब कित्येक बार वर जातो. गेज न लावता केलेली ही 'सेटिंग' काही दिवस बरी वाटते, मग होज (लवचीक रबरी पाइप) फुटतात, सांध्यांतले पिन-बुश लवकर जातात आणि गळती जिथे होती तिथेच राहते. ६०० बारचा गेज आणि दोन टेस्ट कपलर (गेज जोडायच्या जोडण्या) एका फुटलेल्या होजच्या खर्चात मिळतात.

खोलण्याआधी

इंजिन बंद केलं म्हणून पाइपांतला दाब जात नाही. बूम, आर्म (बूम आणि बकेटमधला दांडा), बकेट जमिनीवर टेकलेले हवेत. इंजिन बंद करून किल्ली 'ऑन'वर ठेवा, सेफ्टी लिव्हर खाली करा आणि दोन्ही लिव्हर सगळ्या दिशांना आठ-दहा वेळा फिरवा; पायलट लाइनमधल्या अॅक्युम्युलेटरमुळे (दाब साठवणाऱ्या भांड्यामुळे) इंजिन बंद असतानाही स्पूल हलतात आणि दाब उतरतो. मग टाकीवरच्या ब्रीदरने (हवेच्या झडपेने) टाकीतली हवा सोडा. यानंतरही पाइप सोडवताना नट एकदम काढू नका, अर्धा फेरा ढिला करून थांबा. अॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन असतो. त्याला वेल्डिंग, छिद्र किंवा ऑक्सिजनची भरणी, यांपैकी काहीही केलं तर स्फोट होतो.

आणि होजवर बोट फिरवून गळती शोधू नये. सुईएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं. बाहेर लाल ठिपका दिसतो, दुखतही फारसं नाही, पण आत तेल पसरत असतं आणि काही तासांत बोट किंवा हात गमावायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. असं झालंच तर मलम लावत बसू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा आणि डॉक्टरांना "उच्च दाबाचं तेल आत घुसलंय" असं स्पष्ट सांगा. साधी जखम समजून पट्टी बांधून घरी पाठवलं गेलं तर हाच वेळ हातातून जातो.

जॅक खोलताना

बाहेरची माती आधी धुवा, पाण्याचा झोत मात्र रॉडच्या तोंडावर मारू नका. काढलेल्या प्रत्येक पाइपाला आणि प्रत्येक तोंडाला त्याच मिनिटाला प्लास्टिकची टोपी. बूमचा जॅक दीड-दोनशे किलोचा असतो, तेव्हा पिन काढण्याआधी तो पट्ट्यावर तोलून धरा. पिनच्या भोकाची रेषा जुळलीय का ते बोट घालून पाहणारे लोक आहेत. त्यासाठी सळई असते.

तेल किती सांडणार याचा अंदाज आधी घ्या. १२० मिमी व्यास आणि १३०० मिमी स्ट्रोकच्या जॅकमध्ये जवळपास १५ लिटर तेल मावतं. ते भांड्यात घेतलं तरी पुन्हा टाकीत ओतायचं नाही.

ग्लँड बोल्टांनी किंवा आट्यांनी बसवलेला असतो. बोल्ट काढून ग्लँड सुटला की रॉड सरळ रेषेत, चेन ब्लॉकने, हळू ओढा. कॉम्प्रेसरची हवा देऊन पिस्टन बाहेर काढणं जिवावरचं आहे. पिस्टन अडकून राहतो, मागे हवा दबत जाते आणि मग तो जड रॉड तोफगोळ्यासारखा सुटतो. हवा दबते, तेल दबत नाही; फरक एवढाच, पण तोच महत्त्वाचा.

पिस्टनचा नट सोडवणं हे सर्वात जड काम. त्याचा टॉर्क ट्रकच्या चाकाच्या नटाच्या कित्येक पट असतो. नटाला ग्रब स्क्रू (नट फिरू न देणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) असतो, कधी त्याच्याखाली स्टीलची गोळी आणि वरून पंच मारून बंद केलेलं असतं. ते आधी ड्रिलने मोकळं करायचं. न करता नट फिरवला तर रॉडचे आटे जातात, आणि आटे गेले की रॉडच गेला.

जुनं सील फेकू नका, वाचा

हे या कामातलं सगळ्यात उपयोगाचं पाऊल आहे आणि नेमकं तेच वगळलं जातं. जुनी सीलं क्रमाने पुठ्ठ्यावर मांडा: बाहेरून आत येताना वायपर (रॉडवरची माती पुसणारं कडं), रॉड सील, बफर सील (दाबाचा झटका आधी झेलणारं), मग ग्लँडची ओ-रिंग आणि तिचा बॅकअप (तिला आधार देणारं कडक कडं), शेवटी पिस्टन सील आणि वेअर रिंगा (धातूला धातू घासू न देणारी कडी).

सील कडक झालंय, वाकवलं की तडकतं: उष्णता. जॅक निर्दोष आहे, ऑइल कूलर पाहा. जाळीत धूळ बसली असेल किंवा कुठलातरी रिलीफ सतत उघडत असेल. तेलाचं तापमान ८० अंशांपलीकडे राहायला लागलं की सीलचं आयुष्य झपाट्याने घटतं. विदर्भात बाहेरच ४५ अंश असताना चोंदलेल्या कूलरला काही वाव उरत नाही.

सील फुगलंय, मऊ पडलंय: चुकीचं तेल, किंवा डिझेल-रॉकेलमध्ये धुतलेले भाग न वाळवता बसवले गेले. पॉलियुरेथेन चिकट होऊन त्याचा भुगा पडत असेल तर तेलात पाणी आहे.

सीलची मागची कड उंदराने कुरतडल्यासारखी: दाबाने सील फटीत घुसलंय. फट वाढली कारण वेअर रिंग किंवा ग्लँडमधलं बुश झिजलंय. नुसतं सील बदललंत तर नवीनही तसंच कुरतडलं जाईल.

एकाच बाजूने झीज: जॅकवर तिरका भार आहे. रॉड वाकलाय, किंवा टोकाच्या पिन आणि बुश ढिले झालेत.

लांबीच्या दिशेने ओरखडे: घाण. वायपर फाटून बाहेरून आली, किंवा तेलातूनच आली. पिस्टनच्या सीलवरही तसेच ओरखडे असतील तर तेलातून.

एकाच जागी जळून काळं, खड्डा पडलेला: जॅकमध्ये हवा राहिली होती. हवा आणि तेलाचं मिश्रण झटक्यात दाबलं की डिझेल इंजिनात होतं तसं ते पेट घेतं. आणि एकाच जागी स्वच्छ काप असेल तर बसवताना धारदार कडेवर सील घासलंय; ती चूक मागच्या मिस्त्रीची.

रॉड आणि सिलिंडर

रॉडवरचा हार्ड क्रोमचा थर मिमीच्या शतांशांत मोजायचा, इतका पातळ. त्यावर नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा वायपरला आणि सीलला प्रत्येक फेरीत कापतो. खड्ड्याची कड उंचवटा झाली असेल तर बारीक ऑइलस्टोनने रॉडच्या गोलाईत घासून बसवता येते. लांबीच्या दिशेने पॉलिश पेपर मारू नये, कारण त्या रेषा म्हणजे तेलाला बाहेर यायला आखून दिलेल्या पायवाटा. गंज क्रोमखाली गेला असेल तर घासून, नव्याने क्रोम चढवून, पुन्हा ग्राइंड करणं एवढाच मार्ग. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मशीनच्या रॉडवर ही पुटकुळ्यांसारखी गंजाची ठिपकेदार रांग हमखास दिसते. उभं करताना रॉड शक्य तितके आत घेणं आणि उघड्या भागाला ग्रीस फासणं, एवढ्याने ती टळते.

रॉडवर खड्डे पडायचं आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही: वेल्डिंग. बकेटचे दात वेल्ड करताना अर्थिंगचा चिमटा दूर चॅसिसला लावला, तर वीज पिन, बुश आणि जॅकमधून वाट काढते आणि रॉडवर व आतल्या पाइपावर बारीक ठिणग्यांचे डाग पडतात. चिमटा ज्या तुकड्यावर वेल्डिंग आहे त्यालाच, शेजारी लावावा. रॉडवर ओलं गोणपाट गुंडाळावं, म्हणजे ठिणग्या क्रोमवर चिकटत नाहीत.

सिलिंडरच्या पाइपात दिवा धरून पाहा. हलके चट्टे होनिंगने (दगडाने आतून बारीक घासून) जातात. नख अडकणारी उभी चीर असेल तर आधी खोली मोजा. पाइप मोठा करून जास्त जाड सील टाकायचा जुगाड लहान जॅकमध्ये निभावतो, ३५० बारला निभावत नाही.

नवीन सील बसवताना

किट मशीनच्या अनुक्रमांकावरून मागवा. जुन्या सीलचं माप घेऊन दुकानातून आणणं चुकीचं, कारण जुनं सील झिजलेलं किंवा फुगलेलं असतं. मापच घ्यायचं तर व्हर्नियरने खाचेचं घ्या.

यू आकाराच्या सीलचं उघडं तोंड नेहमी दाबाच्या बाजूला. बॅकअप रिंग ओ-रिंगच्या त्या बाजूला, जिकडे दाब नाही. उलट बसवलेला बॅकअप काहीच काम करत नाही आणि ओ-रिंग पहिल्याच आठवड्यात चावली जाते.

रॉड सील खाचेत बसवताना ते वालाच्या दाण्यासारखं वाकवून आत सोडायचं, स्क्रू ड्रायव्हरने ठोसायचं नाही. पिस्टनवरची टेफ्लॉनची कडी थंडपणी ताणली तर लांबतात. ती गरम तेलात किंवा जवळपास उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवायची, पटकन चढवायची आणि लगेच पट्टा आवळून मूळ मापावर आणायची. पट्टा न आवळता पिस्टन आत सारला तर कड्याची कड सिलिंडरच्या तोंडाशी कापली जाते. सगळ्या भागांना स्वच्छ हायड्रॉलिक तेल लावा. पुसायला बनियनचं कापड किंवा कॉटन वेस्ट नको. त्याचे तंतू पायलट व्हॉल्व्हच्या केसाएवढ्या छिद्रांत जाऊन बसतात.

पिस्टन नट पुस्तिकेतल्या टॉर्कला, ग्रब स्क्रू नवा, पंच मारून बंद. "हातोड्याने बसेपर्यंत" हे माप नाही. हा नट सुटला तर पिस्टन सिलिंडरमध्ये मोकळा फिरतो आणि पूर्ण जॅक भंगारात जातो. ग्लँडचे बोल्ट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळा.

हवा काढणे

जॅक जोडून पिना बसवल्या, ग्रीस दिलं, की घाईत पूर्ण थ्रॉटल देऊन बकेट आपटू नका. इंजिन कमी वेगावर ठेवा. जॅक चार-पाच वेळा आत-बाहेर करा, दोन्ही टोकांना साधारण १०० मिमी आधी थांबत. मग तीन-चार वेळा हळूच शेवटपर्यंत न्या. नंतर वेग वाढवा. वर सांगितलेलं जळकं सील इथे घाई केल्यामुळेच होतं.

टाकीतली पातळी पुस्तिकेत दाखवलेल्या स्थितीतच पाहा. जॅक बाहेर असताना तेल त्यांच्या पोटात असतं, आत असताना टाकीत. भलत्या स्थितीत पाहून तेल भरलं की सगळे जॅक मिटल्यावर ते ब्रीदरमधून उतू जातं.

तेल आणि घाण

पिस्टन पंपात आणि स्पूलभोवती काही मायक्रॉन ते वीस-पंचवीस मायक्रॉन एवढ्याच फटी असतात (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. म्हणजे तेल "स्वच्छ दिसतंय" याला काही अर्थ नाही; नुकसान करणारा कण दिसतच नाही. तेलाची स्वच्छता तीन आकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ १८/१६/१३. त्यातला शेवटचा १३ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १४ मायक्रॉनपेक्षा मोठे ४० ते ८० कण. प्रयोगशाळेच्या अहवालात आधी हाच आकडा पाहावा.

सीलबंद पिंपातलं नवीन तेलही बहुधा या पातळीएवढं स्वच्छ नसतं. ते नरसाळ्याने ओतण्याऐवजी १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून पंपाने भरावं. पिंप उघड्यावर उभं ठेवलं तर वर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री थंड झालं की बुचातून आत ओढलं जातं. आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. पाण्याचा संशय असेल तर तापलेल्या तव्यावर थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. दुधाळ दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

बदलायचे तास कंपनीवर अवलंबून असतात. साध्या तेलाला साधारण २००० तास, दीर्घकाळ टिकणाऱ्या तेलाला ५००० पर्यंत, रिटर्न आणि पायलट फिल्टरला १००० तास. पण हे आकडे बकेटने खोदणाऱ्या मशीनचे. बकेटच्या जागी ब्रेकर (कातळ फोडणारा हातोडा) लावला की ते विसरा. ब्रेकर तेलाला ठोके देतो, तापवतो, आणि छिन्नीच्या बुशातून काळ्या पत्थराची पूड आत घेतो. सह्याद्रीच्या कातळात दिवसभर ब्रेकर चालवणाऱ्या मशीनचं तेल आणि फिल्टर निम्म्याहून कमी तासांत बदलावे लागतात, आणि ब्रेकरची पाइपलाइन जोडताना-काढताना तोंडं पुसणं सर्वात आवश्यक.

टाकीतलं तेल बदललं म्हणजे सगळं बदललं असंही नाही. जवळपास निम्मं तेल जॅक, पाइप आणि कूलरमध्येच राहतं. एरवी चालतं, पंप फुटल्यावर मात्र चालत नाही. फुटलेल्या पंपाचा पितळ-पोलादाचा चुरा कूलर, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि प्रत्येक जॅकच्या तळाशी जाऊन बसलेला असतो. नुसता पंप बदलून मशीन चालू केलं तर तोच चुरा नवीन पंपाला खातो. जॅक खोलून धुणं, कूलर फ्लश करणं किंवा बदलणं, टाकी आतून पुसणं, नवे फिल्टर, काही तासांनी पुन्हा फिल्टर, एवढं करावंच लागतं. आणि नवीन पंप चालू करण्याआधी त्याच्या पोटात केस ड्रेनच्या (पंपाच्या आतलं गळकं तेल टाकीकडे नेणाऱ्या वाटेच्या) तोंडातून स्वच्छ तेल भरायचं. कोरडा फिरलेला पिस्टन पंप काही सेकंदांत आपले शू आणि व्हॉल्व्ह प्लेट (आतले घासत फिरणारे भाग) जाळून घेतो. हे नुकसान वॉरंटीतही बसत नाही.

होजबद्दल थोडंच. दाब आला की होज आखडतो किंवा किंचित लांबतो, म्हणून ताणून बसवायचा नाही. त्यावरची छापील रेघ सरळ राहिली पाहिजे. रेघ पिळलेली दिसली तर होज पिळला गेलाय आणि लवकर जाणार. बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) आणि मेट्रिक आटे एक-दोन फेरे एकमेकांत बसतात, दाबाला सुटतात. शंका आली तर आटेमापक लावून पाहा.

काम झाल्यावर

आठ-दहा तास चालल्यावर ग्लँडचे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा आणि रॉड पुसून पाहा. बोटाला तेलकट लागणं म्हणजे गळती नव्हे. तो पातळ थर सीलला वंगण देतो. रॉडवर थेंब जमून ओघळला तर गळती. ५० तासांनी रिटर्न फिल्टर काढा, कागद कापून उलगडा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलेलं पोलाद, न चिकटलेलं पिवळं ते पितळ किंवा ब्राँझ, काळे लवचीक तुकडे सीलचे. जुन्या सीलचे दोन-चार तुकडे निघणं स्वाभाविक. पिवळी चमक दिसली तर मशीन थांबवा आणि त्याच दिवशी पंपाच्या केस ड्रेनचं तेल मापून घ्या.